माथा ते पायथा

शेंद्रा जहागीर, शेंद्रा कमंगर आणि शेंद्राबन. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की चिकलठाण्याचं विमानतळ मागे पडतं आणि थोड्या वेळात ही तीन गावं लागतात. त्यांच्या नावांतच निजामी राजवटीच्या खुणा आहेत. एक गाव जहागिरीचं. दुसरं कमंगराचं, म्हणजे धनुष्य घडवणाऱ्याचं. तिसऱ्याच्या नावातल्या बनाची जागा आता रस्त्यांनी आणि शेडांनी घेतली आहे. आजच्या तरुणाला शेंद्रा म्हटलं की एमआयडीसी आठवते, स्कोडाचा कारखाना आठवतो, ऑरिक औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते आठवतात. सकाळच्या पाळीच्या बसगाड्या इथूनच ओळीने आत वळतात.

मी मात्र वैशाखाच्या एका पहाटे शेंद्र्याच्या फाट्यावर उभी होते ती वेगळ्या कारणाने. शेंद्रा कमंगरला मांगीरबाबांचं देवस्थान आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मातंग समाजाची माणसं नवस फेडायला येतात. यात्रा नुकतीच होऊन गेली होती. पालं उठली होती, चुलींचे काळे दगड तेवढे मागे राहिले होते. ते दगड पाहताना मनात आलं, की इथे येणाऱ्या या माणसांच्या आज्यापणज्यांना त्यांच्या स्वतःच्या गावात विहिरीवर जागा नव्हती. रहाटाला हात लावायची मुभा नव्हती. वरून कुणी ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर नदीच्या वाळूत झरा खणायचा. त्या माणसांच्या वस्तीत, गावकुसाबाहेर, गेली सव्वाशे-दीडशे वर्षं कॅथलिक मिशनचे धर्मगुरू आणि सिस्टर जात राहिले. ते कशासाठी गेले, त्यांनी काय दिलं आणि त्यातलं काय टिकलं, हे मला एकदा सलग प्रवास करून पाहायचं होतं. त्यासाठी वाट ठरवली ती अशी: शेंद्र्याहून छावणी, मग गोदावरी ओलांडून नेवासे, हरेगाव, केंदळ, संगमनेर आणि शेवटी दरेवाडी.

पहिला मुक्काम शहरातल्या छावणीत. कॅथलिक धर्मगुरू या भागात आले त्याची पहिली वाट लष्कराच्या छावण्यांतून गेली. पलटणीत कॅथलिक शिपाई असत, त्यांच्या प्रार्थनेसाठी पाद्री लागे. नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, या बाजूला हे काम आलं फ्रान्सलियन संघाकडे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा हा संघ 1838 मध्ये सॅव्हॉयमधल्या आनसी गावात स्थापन झाला. सॅव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, ते 1860 मध्ये फ्रान्सला जोडलं गेलं. आल्प्सच्या पायथ्याची ही शेतकरी घरांतली मुलं 1845 मध्ये भारताकडे निघाली. विशाखापट्टणमला त्यांचं ठाणं पडलं आणि तिथून मध्य भारत ओलांडत ती दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचली. नागपूरचा धर्मप्रांत 1887 मध्ये झाला. त्यातून 1955 मध्ये अमरावती वेगळी निघाली आणि अमरावतीतून 1977 मध्ये औरंगाबाद.

छावणीत राहून शिपायांची मिस्सा म्हणत बसणं यांतल्या काहींना पुरेसं वाटलं नाही. ते घोड्यावरून, बैलगाडीतून आणि बऱ्याचदा पायी खेड्यांकडे वळले. घोगरगाव हे त्यांचं जुनं ठाणं. फादर गुरियन जाकिए यांचं नाव त्या गावाशी कायमचं जोडलं गेलं आहे. आजही या भागातली जुनी ख्रिस्ती माणसं त्यांच्याविषयी बोलताना घरातल्या थोरल्याविषयी बोलावं तसं बोलतात. त्या काळी निजामाच्या मुलखात वेठबिगार चालू होती. पाटलाचा, देशमुखाचा, सरकारी अंमलदाराचा निरोप आला की हातातली भाकर ठेवून धावायचं. अशा माणसाच्या झोपडीत गोऱ्या कातडीचा एक पाद्री येतो, जमिनीवर बसतो, त्याच्याच घरचं पाणी मागून पितो, ही त्या वस्तीसाठी किती मोठी गोष्ट असेल, याची कल्पना आज शहरात बसून यायची नाही. धर्माचा उपदेश त्यानंतरचा. त्याआधी माणसाने माणसाच्या हातचं पाणी घेतलं.

छावणीतून नगर रस्त्याला लागले. वाळूजच्या कारखान्यांची रांग संपली, गंगापूरचा फाटा मागे पडला आणि कायगाव टोक्याला गोदावरीचं रुंद पात्र समोर आलं. प्रवरा इथे गोदावरीला मिळते. जायकवाडीचं धरण पैठणला, पण त्या नाथसागराचा फुगवटा इथवर येतो. पुलावर गाडी थांबवायला सांगितली. स्वातंत्र्यापूर्वी ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर. माणसं दोन्ही तीरांवर सारखीच, सोयरीक दोन्हीकडे, दुष्काळही एकच. मिशनच्या कामात मात्र या सरहद्दीने फरक पडला. अलीकडे फ्रान्सलियन, पलीकडे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. पलीकडे शाळा आणि रस्ते लवकर आले, छापखाना लवकर आला. अलीकडे कामाची गती मंद राहिली आणि गरिबी जास्त दिवस टिकली.

नदी ओलांडली की नेवासे. ज्ञानदेवांनी ज्या खांबाला टेकून भावार्थदीपिका सांगितली तो पैसाचा खांब इथे आहे. कॅथलिक मिशनवर लिहिताना नेवाशाला थांबायचं कारण मला भाषेत सापडतं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी संतांचा छंद निवडला. पुढे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशन रुजलं तेव्हा भक्तांनी मारियामातेला जे नाव दिलं ते ‘मतमाउली’. धर्म नवा होता, पण हाक मारायला तोंडात शब्द आला तो माउली. भजनाच्या चाली आल्या, टाळ-मृदंग आले, पायी दिंडी आली. गावातल्या माणसाने नवी श्रद्धा स्वीकारली तेव्हा जुन्या घरातली भांडीही बरोबर नेली, असंच म्हणावं लागेल.

नेवासा फाट्यावरून नगरकडे सरळ गेलं तर वडाळा बहिरोबा लागतं. तिथलं काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं. या मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं मांडलं. सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे गेल्या होत्या, त्या याच मिशनच्या. कॅथलिक मिशन या भागात त्यामानाने उशिरा आलं आणि ते आलं ते मुख्यतः दुष्काळाच्या काळात. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ, मग 1896-97 चा आणि त्यापाठोपाठ 1899-1900 चा, ज्याला अजून म्हातारी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणतात. मला फाट्यावरून उजवीकडे वळायचं होतं, श्रीरामपूरच्या वाटेला.

या वाटेवरचा सगळा मुलूख पाटपाण्याचा. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. त्याच सुमारास प्रवरेचे कालवे निघाले आणि हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. उसाच्या फडावर आणि कारखान्यात कामाला आसपासच्या महार-मांग वस्त्यांतली माणसं आली. याच हरेगावात डिसेंबर 1939 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनदारांची परिषद घेतली. वतनाच्या जमिनीवर सरकारने वाढवलेल्या जुडीविरुद्ध ती परिषद होती. गावाची चाकरी पिढ्यान् पिढ्या करायची, मोबदल्यात तुकडाभर जमीन, आणि त्यावर कर वाढवायचा, हा अन्याय बाबासाहेबांनी तिथे मांडला. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1949 मध्ये, जेझुइट धर्मगुरू फादर जेराल्ड बाडर यांनी त्याच हरेगावात मतमाउलीची यात्रा सुरू केली. मारियामातेचा जन्मदिन 8 सप्टेंबरचा. त्या सुमारास नऊ दिवस नोव्हेना चालते आणि पुढच्या शनिवारी यात्रेचा मुख्य दिवस. नगर, नाशिक, पुणे, मुंबई, मराठवाडा अशा सगळ्या बाजूंनी लाखोंनी भाविक येतात. त्यात ख्रिस्ती नसलेलेही खूप असतात. नवस, पाळणे, जावळं, सगळं असतं.

मी गेले तेव्हा यात्रा नव्हती. मंदिराचं आवार उन्हात शांत पडलं होतं. दोन बाया मेणबत्त्या लावून पायरीवर बसल्या होत्या. त्यातली थोरली वैजापूरकडची होती. मी विचारलं, ‘‘ताई, एवढ्या लांबून?’’ ती म्हणाली, ‘‘माहेर हाय माऊलीचं. माहेराला लांब म्हनत्यात का?’’ हरेगावच्या मातीने एकाच दशकात हक्काची परिषद पाहिली आणि भक्तीची यात्राही पाहिली. दोन्हींना आलेली माणसं पुष्कळदा एकाच वस्तीतली होती. हे ध्यानात ठेवलं तरच या समाजाचा इतिहास नीट वाचता येतो.

हरेगावहून श्रीरामपूर. इथलं संत लूक रुग्णालय सिस्टरांनी उभं केलं. बाळंतपणाची अडलेली बाई बैलगाडीत घालून आणायची वेळ असे त्या काळापासून या बाजूच्या खेड्यांना त्याचा आधार आहे. मिशनच्या इतिहासात धर्मगुरूंची नावं नोंदली जातात, पण गावातल्या बायकांच्या आठवणीत सिस्टरच जास्त असतात. जखमेला पट्टी बांधणारी, मुलाला लस टोचणारी, बोर्डिंगमधल्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढणारी ती सिस्टर. या बाया केरळातून, मंगळुरूहून, गोव्याहून, वसईहून आल्या, खेड्यात राहिल्या, मराठी बोलू लागल्या आणि बऱ्याचशा इथेच मातीत गेल्या. त्यांची नावं फारशी कुठे कोरलेली नाहीत.

तिसऱ्या प्रहरी राहुरी तालुक्यात केंदळला पोहोचले. मुळेच्या काठचा हा काळ्या मातीचा पट्टा. उसाची पट्टी, मध्येच गिन्नी गवत, दुधाचे कॅन घेऊन चाललेल्या मोटारसायकली. या आडगावात एप्रिल 1903 मध्ये एक मासिक सुरू झालं, ‘निरोप्या’. ते सुरू केलं फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने. तेच पुढे 1907 मध्ये पुण्याचे महागुरुस्वामी, म्हणजे बिशप झाले. शतक ओलांडून ‘निरोप्या’ आजही निघतो. केंदळच्या रस्त्यावरून चालताना या गोष्टीचं मोल मला फार जाणवलं. ज्या माणसांना अक्षर शिवू देत नव्हते त्यांच्यासाठी, त्यांच्याच गावातून, त्यांच्याच भाषेत, महिन्याच्या महिन्याला छापील कागद निघू लागला. वाचणारे थोडे होते. एकाने वाचायचं आणि वस्तीने ऐकायचं. पण आपल्या नावाने टपाल येतं, हे गावकुसाबाहेरच्या माणसाने पहिल्यांदा अनुभवलं.

त्या वाचणाऱ्या एकाला ‘मास्तर’ म्हणत. मिशनचं सगळं काम या मास्तरावर उभं होतं. फादर महिन्या-दोन महिन्यांनी येणार, मास्तर वस्तीतच राहणार. दिवसा शाळा, रात्री प्रौढांचा वर्ग, रविवारी प्रार्थना, कुणी आजारी पडलं तर औषध, कुणावर पोलिसपाटलाने खोटा आळ घेतला तर अर्ज लिहून देणं. मातीच्या भिंतींची एक खोली, तीच शाळा आणि तीच प्रार्थनेची जागा. पगार जेमतेम. पुढे जी पहिली शिकलेली पिढी निघाली, शिक्षक, परिचारिका, रेल्वेतले आणि पोस्टातले नोकर, ती या मास्तरांच्या हाताखालून गेली. विलायतेतून आलेल्या फादरांचं कौतुक करताना या मराठी मास्तरांना विसरलं तर ती मोठीच कृतघ्नता होईल.

‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. दुष्काळात मिशनने धान्य दिलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्या वर्षांत धर्मांतरं झाली, हे खरं आहे. लपवायचं कारण नाही. पण भाकरी दिली म्हणून माणूस आला असता तर पाऊस पडल्यावर तो परत गेला असता. पुष्कळ जण परत गेले नाहीत. त्यांना तिथे भाकरीबरोबर पाटी मिळाली, दगडू-धोंडूच्या जागी मुलांना नावं मिळाली, बसायला सतरंजी मिळाली. आणि ज्यांनी टोमणा मारला त्यांनी त्या दुष्काळात आपल्या विहिरी उघडल्या होत्या का, हेही विचारलं पाहिजे. त्याचबरोबर दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. धर्म बदलला म्हणून जात सुटली नाही. गावाने ती सोडली नाही आणि चर्चमध्येही ती पूर्ण पुसली गेली नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांना त्या 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाल्या. दलित ख्रिस्ती मात्र अजून वाट पाहतो आहे. त्याचं घर, त्याचा रोजगार, त्याच्या वाट्याची वागणूक शेजारच्या वस्तीसारखीच, फक्त कागद वेगळा.

रात्री राहुरीत मुक्काम केला आणि सकाळी लोणीवरून संगमनेर धरलं. इथून पुढचा प्रवास माझ्या मनात एका माणसाचा होता, फादर हर्मन बाखर यांचा. पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना भारत सोडावा लागला आणि पुढे पुण्याच्या मिशनची जबाबदारी स्वित्झर्लंडच्या जेझुइटांनी घेतली. त्याच वाटेने 1948 मध्ये एक चोवीस वर्षांचा स्विस तरुण भारतात आला. डोंगरातल्या गावात वाढलेला हा मुलगा नगर जिल्ह्याच्या उघड्याबोडक्या टेकड्यांत येऊन पडला आणि साठ वर्षांच्या आसपास महाराष्ट्राच्या खेड्यांत राबला. 2021 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

बाखर यांच्या आयुष्यात मिशनच्या सेवेचा सगळा प्रवास एकवटलेला दिसतो. सुरुवात झाली ती मदतीने. अमेरिकेचा गहू, तेलाचे डबे, दुधाची पावडर, हे साठच्या दशकातल्या मिशनच्या आवाराचं चित्र होतं. मग त्यांनी नगरला सोशल सेंटर उभं केलं आणि कामाच्या बदल्यात धान्य देऊन विहिरी खणायला सुरुवात केली. विहीर ही मोठी गोष्ट होती. ज्याच्या बापाला गावविहिरीवर चढता येत नव्हतं त्याच्या स्वतःच्या रानात विहीर झाली. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा या कामाने घरं तगली. त्या वर्षीची सुकडी आणि लाल मिलो ज्यांनी खाल्ली ती माणसं अजून आहेत. राज्यभर लाखो माणसं खडी फोडत होती आणि त्याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुढे पक्की झाली.

पण विहिरींनी नवा प्रश्न उभा केला. ज्याच्याकडे जमीन त्यालाच विहीर. भूमिहीन तसाच राहिला. शिवाय दहा विहिरी झाल्या की अकराव्या विहिरीला पाणी कमी पडतं, इंजिनं आली, मोटारी आल्या, बोअर आले आणि जमिनीखालचं पाणी खाली खाली गेलं. उपसा वाढला, भरणा कोण करणार? इथे बाखर यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक साधी गोष्ट उमगली. एकेका माणसाला विहीर देऊन गाव उभं राहत नाही. पाणी डोंगराच्या माथ्यावर पडतं, तिथे ते थांबवायचं तर सगळ्या गावाला एकत्र यावं लागतं, आणि डोंगरावर हक्क असतो तो बहुधा मेंढपाळाचा, भूमिहीनाचा, वनखात्याचा. म्हणजे पाण्याचं काम हे मुळात माणसं जोडण्याचं काम आहे.

त्यातून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. पैसा जर्मन सरकारचा, व्यवस्था नाबार्डची, आणि गावांना तयार करायचं काम स्वयंसेवी संस्थांचं. त्यासाठी 1993 मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. अट अशी, की पैसा आधी येणार नाही. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, ग्राम पाणलोट समिती नेमायची. मग काम सुरू. त्यातही मजुरीच्या 16 टक्के वाटा गावाने श्रमाने द्यायचा. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला मात्र यातून सूट. अटीतली ही शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. हिशोब मांडताना कुणाला तरी ती बाई आठवली होती.

संगमनेरहून आत दरेवाडीकडे वळलं की सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. पाऊस पश्चिमेच्या घाटात पडून जातो, इथे येतात ते रिकामे ढग. 1996 च्या आधी या गावात शेतातलं काम वर्षातून जेमतेम तीन-चार महिने मिळायचं. उन्हाळ्यात टँकर यायचा. बाकी दिवस माणसं साखर कारखान्यांवर ऊसतोडीला, मजुरीला बाहेर. त्या वर्षी काम सुरू झालं आणि पाच वर्षं चाललं.

मी डोंगरावर चढले. उन्हात वाळलेल्या गवतातून समतल चर ओळीने दिसत होते, डोंगराच्या अंगावर कुणी फणी फिरवावी तसे. कामाची पद्धत माथा ते पायथा. सगळ्यात आधी माथ्यावर चर खणायचे, म्हणजे पाणी धावायला लागण्याआधीच अडतं. त्याखाली घळीत दगडाचे अनगड बांध. त्यात गाळ साचतो, गवत धरतं. त्याखाली शेतांना बांधबंदिस्ती. आणि अगदी खाली, नाल्यावर, मातीचे आणि सिमेंटचे बंधारे. उलटं केलं, आधी खाली बंधारा बांधला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला मुरवायचं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते करायला माथ्यावरच्या माणसाचा होकार लागतो.

दरेवाडीत तो सहज मिळाला नाही. गावात धनगरांची मेंढरं होती, त्यांचं पोट डोंगरावर. चराईबंदी झाली तर शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी येणार आणि मेंढपाळ उपाशी मरणार. भांडण झालं, ते रास्तच होतं. शेवटी तोडगा निघाला तो टप्प्याटप्प्याचा. सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही. एक भाग बंद ठेवायचा, दुसरा चरायला मोकळा. गवत धरलं की कापून न्यायचं. काम संपलं तेव्हा शेतातली मजुरी वर्षातून नऊ-दहा महिने मिळू लागली होती आणि 2001 मध्ये गावाला टँकर लागला नाही. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने 2005 च्या आपल्या जागतिक अहवालात या छोट्या गावाची गोष्ट सविस्तर घेतली. त्याच अहवालाने हेही नोंदवलं, की ज्याची जमीन जास्त त्याचा फायदा जास्त झाला. भूमिहीन आणि बायका यांच्या पदरात तुलनेने कमी पडलं. ते वाचल्यावर मला शेंद्र्याच्या यात्रेतले चुलीचे दगड आठवले. पाणी वर आलं तरी ते शेवटच्या घरापर्यंत पोहोचवायचं काम उरतंच.

हे काम एका मिशनपुरतं राहिलं नाही. जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी नावाजलेलं आहे. शेंद्र्याच्या फाट्यावरून पूर्वेला तोच जालना रस्ता धरला तर तिथे जाता येतं. त्या गावचं पाणलोटाचं कामही याच भारत-जर्मन कार्यक्रमातून झालं, 1996 च्या सुमारास. केलं ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली. तिथे ना चर्च, ना फादर. स्विस पाद्रीने नगरच्या टेकड्यांवर धरलेला धागा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या हातात गेला आणि त्यांनी तो आपल्या पद्धतीने विणला. मिशनच्या यशाची याहून चांगली खूण मला सुचत नाही.

डोंगरावरून उतरताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. हातात काठी, डोक्याला पटका, मागे पाच-सात शेळ्या. चर दाखवून म्हणाले, यातले दोन त्यांच्या हातचे. मी विचारलं, ‘‘बाबा, बाखर फादर आले नसते तर पाणी आलं असतं का?’’ ते काठीवर रेलून उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘पाणी तर आमच्याच डोंगरावर पडत व्हतं, ताई. आमीच त्याला थांब म्हनलं नव्हतं.’’

परतताना संध्याकाळी पुन्हा कायगाव टोक्याच्या पुलावर आले. संगमनेरच्या, राहुरीच्या, श्रीरामपूरच्या रानांतून निघालेलं प्रवरेचं आणि मुळेचं पाणी इथे गोदावरीत येतं आणि नाथसागरात साठतं. त्यावरून वरच्या आणि खालच्या जिल्ह्यांत दरवर्षी वाद होतो, कोर्टकचेऱ्या होतात. शेंद्र्याच्या कारखान्यांना पाणी येतं तेही जायकवाडीतूनच. केंदळच्या मास्तराने ज्या नदीकाठी पाटी धरायला शिकवलं तिचंच पाणी शेंद्र्याच्या पाळीवरच्या कामगाराच्या बाटलीत असतं. त्याला ते ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

रात्री उशिरा शेंद्र्याच्या फाट्यावर उतरले. तिसऱ्या पाळीच्या बसगाड्या आत वळत होत्या. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी एक रांजण होता आणि त्याला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. पाळीवर निघालेली पोरं एकामागून एक पेला बुडवत होती, पीत होती आणि पुढच्याच्या हातात देत होती. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. माझी पाळी आली तसा मीही पेला घेतला.